भिंतीतली गाठ

एंडोस्कोपी करताना जठराच्या आतल्या बाजूला एक गुळगुळीत फुगवटा दिसतो. डॉक्टर दुर्बिणीतूनच चिमट्याने बारीकसा तुकडा काढतात, तो तपासायला जातो आणि चार दिवसांनी रिपोर्ट येतो: आवरण निरोगी, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. घरच्यांना हायसं वाटतं. गाठ मात्र जिथल्या तिथे असते. यात प्रयोगशाळेचं काही चुकलेलं नाही. तुकडाच वेगळ्या थरातून आलेला आहे. जठराच्या आणि आतड्यांच्या भिंतीत एकामागे एक थर असतात. अन्नाला लागून असलेलं मऊ आवरण सर्वांत आत, त्यामागे रक्तवाहिन्यांचा थर, त्यामागे स्नायू आणि सर्वांत बाहेर पातळ पडदा. जठराचा नेहमीचा कॅन्सर आतल्या आवरणात उगवतो, म्हणून चिमट्याला तो सापडतो. ही गाठ स्नायूंच्या थरात जन्मते आणि तिच्यावरचं आवरण पुष्कळदा शाबूत राहतं. चिमटा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

तिचं पूर्ण नाव गॅस्ट्रोइन्टेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. दवाखान्यांत सगळे ‘जिस्ट’ म्हणतात. हाडं, स्नायू, चरबी अशा शरीराला आधार देणाऱ्या ऊतींतून जे कॅन्सर होतात त्यांना सार्कोमा म्हणतात, आणि पचनमार्गातल्या सार्कोमांमध्ये जिस्ट सर्वांत जास्त आढळतो. तरीही तो दुर्मीळच. परदेशांतल्या नोंदींनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला १० ते १५ नवे रुग्ण सापडतात. हाच दर महाराष्ट्राच्या १२ कोटींहून अधिक लोकसंख्येला लावला, तर राज्यात वर्षाला हजाराच्या पुढे रुग्ण असायला हवेत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयाला हा आजार ओळखीचा असतो, पण तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला तो उभ्या आयुष्यात एखाददुसरा येईल. म्हणून रुग्णाने आणि त्याच्या माणसांनीही या आजाराची थोडी ओळख करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

दुर्मीळ आहे तो मोठा होणारा जिस्ट. त्याचे बारीक ठिपके मात्र आश्चर्य वाटावं इतके सर्रास असतात. जपानमध्ये दुसऱ्या कारणासाठी काढलेली १०० जठरं संशोधकांनी अगदी पातळ काप करून तपासली, तेव्हा ३५ जठरांत काही मिलिमीटरच्या अशा गाठी निघाल्या. जर्मनीत पन्नाशी ओलांडलेल्यांच्या शवविच्छेदनात २२ टक्क्यांहून अधिक जणांत त्या सापडल्या. बहुतेक गाठी तेवढ्यावरच थांबतात, कित्येकींत चुना साचून त्या कडक होतात, आणि माणूस काही न कळता आपलं आयुष्य जगून जातो. दुसऱ्याच कारणाने केलेल्या एंडोस्कोपीत सेंटिमीटरभराचा फुगवटा दिसला, तर डॉक्टर पुष्कळदा लगेच कापायला घेत नाहीत, काही महिन्यांनी पुन्हा बघू म्हणतात. त्यात हलगर्जी नसते.

सुमारे ६० टक्के जिस्ट जठरात होतात, ३० टक्के लहान आतड्यात, उरलेले गुदाशय, मोठं आतडं, क्वचित अन्ननलिकेत. वय बहुधा साठीच्या आसपास. खास या आजाराचं म्हणावं असं लक्षण नाही. थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं, पोटात काहीतरी हाताला लागतं, मंद दुखत राहतं. सर्वांत महत्त्वाचं लक्षण म्हणजे रक्त जाणं, आणि तेही असं की दिसू नये. गाठीवरच्या आवरणाला एखादी जखम होते, तिथून रोज थोडं थोडं रक्त झिरपतं, शौचाला काळं होतं आणि हिमोग्लोबिन उतरत जातं. आपल्याकडे रक्त कमी असणं इतकं नेहमीचं झालं आहे की लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि विषय संपतो. त्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे उरलासुरला सुगावाही पुसला जातो. पन्नाशीपुढच्या पुरुषाचं किंवा पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी झालं असेल, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय निव्वळ गोळ्यांवर राहू नये. ही तपासणी सगळ्याच पोटाच्या कॅन्सरांसाठी मोलाची आहे. जिस्ट तर कित्येकदा याच वाटेने उघड होतो.

लहान आतड्यातला जिस्ट आणखी उशिरा सापडतो. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत जाते, खालून घातलेली दुर्बीण मोठं आतडं पाहते, आणि मधलं कित्येक फूट आतडं दोन्हींच्या पलीकडे राहतं. दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या आणि रक्त जातच राहिलं, तर सीटी स्कॅन किंवा गिळायच्या कॅमेऱ्याची तपासणी करावी लागते.

गाठ दिसल्यावर ती जिस्टच आहे हे ठरवायला एंडोस्कोपिक सोनोग्राफीचा चांगला उपयोग होतो. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र असतं. त्यात गाठ कोणत्या थरातून निघाली ते दिसतं आणि जठराच्या भिंतीतून बारीक सुई घालून तिच्या पोटातला नमुना घेता येतो. पोटाच्या कातडीतून सुई घालणं शक्यतो टाळतात. या गाठी ठिसूळ आणि रक्ताने भरलेल्या असतात. फुटल्या तर पेशी पोटभर सांडण्याची भीती असते. गाठ सरळ काढता येण्याजोगी असेल आणि स्कॅनवर जिस्टसारखीच दिसत असेल, तर सर्जन आधी बायोप्सी न करताच शस्त्रक्रिया करतात, तेही योग्यच.

यापुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं, आणि या आजारात सगळं त्यावर अवलंबून आहे. सूक्ष्मदर्शकाखाली जिस्टच्या पेशी बहुधा लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. आतड्याच्या साध्या स्नायूंच्या गाठीतही तशाच दिसतात, मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठीतही तशाच. निव्वळ रूपावरून ओळख पटत नाही. कित्येक दशकं या गाठींना स्नायूंच्या गाठी समजून लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा म्हटलं गेलं. १९८३ मध्ये मायकेल मेझर आणि ब्रेंट क्लार्क या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी दाखवलं की यांतल्या बऱ्याच गाठींत स्नायूंच्या खुणा सापडतच नाहीत. मग त्या आल्या कुठून, याचं उत्तर मिळायला आणखी पंधरा वर्षं लागली.

त्या उत्तराचं मूळ एकोणिसाव्या शतकाअखेरच्या स्पेनमध्ये आहे. मज्जापेशींची अप्रतिम चित्रं काढणारे आणि १९०६ मध्ये नोबेल मिळवणारे सांतियागो रामोन इ काहाल यांना आतड्याच्या भिंतीत, स्नायू आणि मज्जातंतू यांच्या मधोमध, फांद्या फुटलेल्या काही पेशी दिसल्या. त्यांनी त्या मज्जापेशींचाच एक प्राथमिक प्रकार मानल्या. या पेशींचं खरं काम विसाव्या शतकाच्या शेवटी कळलं. जठराच्या स्नायूंना मिनिटाला सुमारे तीन वेळा आकुंचनाचा इशारा या काहाल पेशी देतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला तीच लय मिनिटाला बाराच्या आसपास असते. १९९० च्या दशकात जपान आणि कॅनडातल्या उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की ‘किट’ नावाचं प्रथिन नसेल तर या पेशी तयार होत नाहीत आणि आतड्याची लय बिघडते.

१९९८ मध्ये ओसाकातल्या सेइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी जिस्टच्या गाठी तपासल्या. गाठींच्या पेशींवर किट होतं. सहा गाठींचं जनुक वाचलं, तर पाचांत किट बनवणाऱ्या जनुकात बिघाड निघाला. त्याच वर्षी स्वीडनमधल्या लार्स-गुनार किंडब्लूम यांच्या गटानेही जिस्ट आणि काहाल पेशी यांचं नातं दाखवलं. किट पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं असतं. बाहेरून ठरावीक संदेश आला की ते जागं होतं, पेशीला वाढायला सांगतं आणि पुन्हा शांत होतं. बिघडलेल्या किटचं मात्र दारावरच्या घंटीचं बटण आत अडकून बसावं तसं होतं: बाहेर कोणी नसतानाही घंटी वाजत राहते आणि पेशी वाढत राहते. आज किटसाठी सीडी ११७ या नावाची रंगचाचणी सर्वत्र होते. काही जिस्टमध्ये ती फिकी पडते, म्हणून २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शोधलेली डॉग-१ ही चाचणी जोडीला करतात.

ओळख पटल्याचं फळ किती लवकर मिळालं, ते पाहून मला आजही थक्क व्हायला होतं. त्या वेळी बाझलच्या नोव्हार्टिस कंपनीकडे इमॅटिनिब नावाचं नवं औषध होतं. अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांनी ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवर नुकतंच वापरायला घेतलं होतं. ल्युकेमियातल्या ज्या बिघडलेल्या प्रथिनाला हे औषध थांबवतं, त्याच्या रचनेशी किटचं साम्य आहे, आणि प्रयोगशाळेत ते किटलाही थांबवतं हे माहीत होतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी इथे हाइक्की योएन्सू यांच्याकडे पन्नास वर्षांची एक रुग्ण होती. १९९६ मध्ये तिच्या जठराचा जिस्ट काढला होता, पण तो यकृतात आणि पोटात परत पसरला होता, शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही करून झाले होते. मार्च २००० मध्ये तिला रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू झालं. महिनाभराने पेट स्कॅन केला तेव्हा गाठींची चमक जवळपास विझली होती.

त्याआधी पसरलेल्या जिस्टवर डॉक्टरांच्या हाती काहीही नव्हतं. केमोला शंभरांत पाचदहा रुग्णही दाद देत नसत, रेडिएशनचा फारसा उपयोग नव्हता, आणि निम्मे रुग्ण दीड वर्षाच्या आत जात. जुलै २००० मध्ये बॉस्टनचे जॉर्ज डिमेट्री आणि हेलसिंकीसह इतर केंद्रांनी १४७ रुग्णांवर चाचणी सुरू केली. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणखी पुष्कळांच्या वाढायच्या थांबल्या. फेब्रुवारी २००२ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. पसरलेल्या जिस्टच्या रुग्णांचं सरासरी आयुर्मान दीड वर्षावरून पाच वर्षांच्या आसपास गेलं, आणि दहापैकी एखादा रुग्ण दहा वर्षांनंतरही पहिल्याच औषधावर स्थिर राहतो.

गाठ पसरलेली नसेल तर मुख्य उपचार शस्त्रक्रियेचाच. इथे एक दिलासा आहे. जठराच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये जठराचा मोठा भाग आणि आजूबाजूच्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. जिस्ट सहसा ग्रंथींत पसरत नाही, त्यामुळे गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कड एवढं काढलं की पुष्कळदा पुरतं. लहान गाठ दुर्बिणीतूनही काढता येते. एक पथ्य मात्र कडक: गाठ फुटता कामा नये. फुटली, तर बाकी सगळं अनुकूल असूनही आजार परतण्याचा धोका एकदम वाढतो. गुदाशयासारख्या अडचणीच्या जागी आधी काही महिने इमॅटिनिब देऊन गाठ लहान करतात, म्हणजे शौचमार्ग वाचवता येतो.

काढलेली गाठ परत येईल का, हे तीन गोष्टींवरून ठरतं: आकार, ५ चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभागणाऱ्या पेशींची संख्या, आणि जागा. जागेचं महत्त्व सहज लक्षात येत नाही. ५ ते १० सेंटिमीटरची, मंद विभागणारी गाठ जठरात असेल तर आजार पुढे वाढण्याची शक्यता शेकडा चारच्या आत असते. तशीच गाठ लहान आतड्यात असेल तर शेकडा २४. ही आकडेवारी मार्कू मिएत्तिनेन आणि जेर्झी लासोटा यांनी अमेरिकन सैन्यदलाच्या पॅथॉलॉजी संस्थेत दशकानुदशकं जपलेले नमुने नव्याने तपासून काढली. धोका जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं इमॅटिनिब देतात. योएन्सू यांच्याच २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षं औषध घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. एकच वर्ष घेतलेल्यांत हे प्रमाण ८१.७ टक्के होतं.

हे औषध सुरू करण्याआधी जनुकाची चाचणी व्हायला हवी, यावर मी आग्रही आहे. सगळे जिस्ट सारखे नसतात. साधारण दोनतृतीयांश गाठींत किटच्या जनुकातला अकरावा भाग बिघडलेला असतो आणि त्यांना इमॅटिनिब उत्तम लागू पडतं. नववा भाग बिघडला असेल, आणि तो मुख्यतः आतड्यातल्या गाठींत बिघडतो, तर पसरलेल्या आजारात अनेक तज्ज्ञ ८०० मिलिग्रॅमचा डोस देतात. काही जठराच्या गाठींत दोष किटमध्ये नसून पीडीजीएफआरए या त्याच्या भावंडात असतो, आणि त्यातल्या डी८४२व्ही नावाच्या प्रकारावर इमॅटिनिबचा परिणामच होत नाही. त्यासाठी २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध आहे. चाचणी न करता अशा रुग्णाला तीन वर्षं गोळ्या दिल्या, तर पदरी फक्त त्रास पडतो. तरुण मुलींच्या जठरात होणारा एसडीएच-न्यून जिस्ट तर निराळाच: तो अनेक गाठींनी येतो, ग्रंथींतही जातो, बहुधा सावकाश वाढतो, इमॅटिनिबला क्वचितच दाद देतो, आणि दोष पुष्कळदा वारशाने आलेला असल्यामुळे घरच्या इतरांचीही तपासणी करावी लागते.

गोळी सुरू झाल्यावर सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, पायात गोळे येतात, मळमळतं, जुलाब होतात, थकवा येतो. भरल्या पोटी आणि मोठ्या पेलाभर पाण्याबरोबर गोळी घेतली तर पोटाचा त्रास बराच कमी होतो. दुसऱ्या औषधांशी तिचं पटतं की नाही हे आपल्या देशात विशेष पाहायला हवं. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण खूप खाली आणतं. फिट्सवरचं फेनिटॉइनही तसंच. बुरशीवरची काही औषधं उलट ते वाढवतात. ग्रेपफ्रूट वर्ज्य असतं, आणि त्याच्याच कुळातल्या आपल्या पपनसाबद्दलही डॉक्टरांना विचारून घ्यावं. बरं वाटतंय म्हणून गोळी स्वतःहून थांबवणं सर्वांत घातक. पसरलेल्या जिस्टच्या रुग्णांचं औषध वर्षाने, तीन वर्षांनी आणि पाच वर्षांनी थांबवून पाहणारा अभ्यास फ्रान्समध्ये झाला. बहुतेकांचा आजार पुन्हा वाढू लागला.

स्कॅनचा रिपोर्ट वाचतानाही जपावं लागतं. औषध लागू पडलेली गाठ सुरुवातीला लहान होईलच असं नाही. आतून ती मऊ, पाणीदार होते, कधी आत रक्त साचून किंचित मोठीही दिसते. नुसतं माप घेणाऱ्याला आजार वाढल्यासारखा वाटेल. ह्यूस्टनच्या हेसुन चोई यांनी २००७ मध्ये निकष सुचवला: सीटीवर गाठीची घनता १५ टक्क्यांनी किंवा आकार १० टक्क्यांनी घटला तरी औषध काम करतंय असं धरावं. मऊ झालेल्या गाठीच्या पोटात नवा घट्ट ठिपका उगवला, तर मात्र पेशींनी औषधावर मात केल्याची शंका येते. मग सुनिटिनिब, पुढे रेगोराफेनिब, पुढे रिप्रेटिनिब अशी ओळीने औषधं आहेत. प्रत्येक पुढच्या औषधाचा काळ बहुधा महिन्यांत मोजावा लागतो.

इमॅटिनिब भारतातल्या सर्वसामान्य रुग्णाच्या हाती येण्यामागे न्यायालयाचा मोठा वाटा आहे. नोव्हार्टिसच्या ‘ग्लिव्हेक’ या नावाने मिळणाऱ्या इमॅटिनिबचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठदहा हजारांत मिळत होती. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने पेटंट मागितलं. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अखेरचा निकाल दिला: जुन्या औषधाचं नवं रूप उपचारात अधिक गुणकारी ठरत नसेल, तर पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार त्याला पेटंट नाही. जिस्टचे रुग्ण वर्षानुवर्षं ही गोळी घेतात, तेव्हा या निकालाचं मोल त्यांच्या दर महिन्याच्या बिलात दिसतं.

रुग्णाच्या नातेवाइकांनी करण्याजोगं एक काम आहे. शस्त्रक्रियेनंतर कागदी रिपोर्टाबरोबर गाठीचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवले आहेत हे विचारून ठेवावं, आणि दुसरं मत घ्यायला जाताना ते मागून न्यावेत. रिपोर्टात गाठीचं माप, विभागणाऱ्या पेशींची संख्या, गाठ अखंड निघाली की फुटली, सीडी ११७ आणि डॉग-१ चे निकाल लिहिलेले आहेत ना, ते पाहावं. नसतील तर त्याच ब्लॉकवरून पॅथॉलॉजिस्टला पुन्हा पाहायला सांगता येतं. जनुकाची चाचणी त्या वेळी झाली नसेल, तरी पुष्कळदा काही वर्षांनी त्याच मेणातल्या तुकड्यावरून ती करता येते, रुग्णाला नव्याने सुई न टोचता.